वर येताना श्वास धरायचा नाही

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफ करा. चौथीत असताना शाळा सुटली. त्यानंतर लिहिणं झालं ते सही करण्यापुरतंच. आता बोटंही नीट वळत नाहीत, मधलं बोट तर वाकतच नाही, त्यामुळे काना कुठे द्यायला जाते आणि पडतो कुठे. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितलेली बरी. दुपारी घरात कुणी नसतं, आडवं झालं तर झोप येत नाही, म्हणून लिहिते. तोंडाने सांगणं मला कधी आलं नाही.

गोवा आपल्याकडे आला, त्याच्या नंतरची ही वर्षं. आम्ही पनवेलच्या कोळीवाड्यात राहत होतो. हे, सासूबाई, मी आणि दोन मुलं. हे मुंबईला गोदीत कामाला होते. पाणबुड्या लोखंडी टोप घालून पाण्यात जायचा आणि हे वर त्याचा दोर धरून उभे राहायचे. एक हिसका आला की काय, दोन आले की काय, हे त्यांना झोपेतसुद्धा कळायचं. मग कंत्राटदार बदलला, जुनी माणसं काढली, आणि हे घरी आले. ओट्यावर बसून जाळ्याचा दोरा वळत राहायचे.

त्याच सुमाराला नेव्हीतून सुटून आलेले एक गृहस्थ पनवेलीत राहायला आले. आम्ही त्यांना नेव्हीवाले म्हणायचो, अजूनही तेच नाव तोंडात आहे. त्यांनी वडाळे तळ्यावर पोहण्याचं मंडळ काढलं. एक शिंपी, एक मास्तर, कोर्टातला एक कारकून, असे चार-सहा जण रविवारी जमायचे. हेही जाऊ लागले. तिथे पाठीवर हवेचा बाटला बांधून पाण्याखाली जायच्या गोष्टी निघायच्या. नेव्हीवाल्यांनी ते काम केलेलं होतं. मुंबईच्या दारूखान्यात जुनी जहाजं मोडतात, तिथे असा एक संच विकायला आल्याचं त्यांना कळलं. दोन बाटले, पाठीचे पट्टे, दोन रबरी नळ्या, तोंडात धरायचं रबर, डोळ्यांवरची काच.

मंडळाकडे पैसे कुठले. वर्गणीतून चहासुद्धा धड होत नव्हता. तेव्हा हे पुढे झाले. म्हणाले, पैसे मी घालतो. रविवारी मंडळानं वापरा, बाकीचे दिवस मी. यांच्या डोक्यात हिशेब होता. तेव्हा नायलॉनचे दोर नवीन आले होते. लाँचच्या पंख्यात असा दोर गुंडाळला की कापल्याशिवाय सुटत नाही, लाँच जागेवर पडते. विहिरीत पंप पडतात, खाडीत नांगर अडकतात. बाटला असला तर बारा महिने काम आहे, असं ते म्हणत.

पैसे आमच्याकडे नव्हते. माझ्या भावाकडे होते.

माझं माहेर उरणकडे, मोऱ्याला. भावाची शिडाची होडी होती. आजूबाजूच्या होड्यांना इंजिनं लागत होती आणि त्यानेही इंजिनासाठी पैसे साठवले होते. वहिनीने आपल्या पाटल्या त्यात घातल्या होत्या. मी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, भावाकडे तर नाहीच. चुलीपुढे बसून खालमानेने मागितले. तो उठून डबा घेऊन आला.

"दिवालीपावतर दे," म्हणाला. "इंजिनवाला तवर थांबंल."

वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण भाकरी करपली.

संच आला. पहिल्याच रविवारी हे तळ्यात उतरले आणि वर आले ते कान धरून. कानातून रक्त येत होतं. लहानपणापासून त्यांचा तो कान वाहायचा, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय, पुन्हा पाण्याखाली गेलात तर दुसराही जाईल. झालं. भावाचं इंजिन बाटले होऊन आमच्या ओटीवर गोणपाटाखाली पडून राहिलं. मंडळातली माणसं चांगली होती, पण ती हौसेची. मास्तर खाडीच्या चिखलात उतरणार थोडेच. एक दिवस नेव्हीवाले यांची चौकशी करायला आले आणि म्हणाले, तुमच्याकडे आणखी कुणाला पोहता येतं का?

सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हिला येतं. मोऱ्याची हाय ती. पोर व्हती तवा बुडी मारून कालवं काडायची. तुमचा शिंपी आन मास्तर दोगांना काखंत मारून आनंल."

नेव्हीवाले हसले. हे हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी आत निघून गेले आणि मोरीत उगाच भांडी घासत बसले. मला कुणी विचारलं नाही आणि मी नाही म्हटलं नाही. असंच ते ठरलं.

तळ्यावर बायका धुणं घेऊन यायच्या आधी, उजाडताना आम्ही जायचो. सासूबाई पायरीवर पान कुटत बसायच्या, कुणी काही बोलायला नको म्हणून. मी पाण्यात गळ्यापर्यंत जाईतो नेव्हीवाले रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. शिकवायचे तेही मला नाही. ते यांना सांगायचे, हे सासूबाईंना सांगायचे, आणि सासूबाई मला.

"नाकानं श्वास घेऊ नका म्हणावं."

"नाकानं श्वास घेऊ नकोस सांग तिला, आये."

"ए, तोंडानं श्वास घे गो."

कोळणीचं लुगडं घट्ट कास मारलेलं, त्याची अडचण झाली नाही. अडचण झाली बांगड्यांची. नेव्हीवाले म्हणाले, काच फुटली तर मनगट कापेल, काढून ठेवा. सासूबाई ताडकन उठल्या. "नवरा समोर उबा हाय आन हात मोकले करू?" मग जुन्या धोतराची पट्टी काढली आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्यांवरून करकचून बांधली. पुढे जितकी वर्षं उतरले तितकी वर्षं अशीच बांधून उतरले. कमरेला वजन हवं होतं, ते यांनी जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या कापडात शिवून केलं.

मला वाटलं होतं की पाण्याची आपल्याला भीती नाही, तेव्हा हे चार दिवसांत येईल. तसं झालं नाही. आमच्यात लहानपणापासून एकच गोष्ट शिकवतात, की खाली गेलं की श्वास धरायचा. जो जास्त धरील त्याची टोपली भरेल. माझी टोपली नेहमी भरायची. आणि या बाटल्याची रीत नेमकी उलटी होती. खाली श्वास घेत राहायचं, आणि वर येताना तर सोडत सोडतच यायचं. खाली भरून घेतलेली हवा वर येताना फुगते, ती धरून ठेवली तर छाती फाटते. शिंप्याला दम म्हणून नव्हता, तो पटकन शिकला. कारकून शिकला. मी मात्र वर यायला लागले की तोंड आपोआप मिटायचं. मी ठरवून करत नव्हते. पायाने तळ सोडला की छातीच आपली आपण बंद व्हायची.

नेव्हीवाल्यांनी एकदा जत्रेतला लाल फुगा आणला. तो खाली नेऊन तिथे बाटल्याच्या हवेने फुगवला, तोंड बांधलं आणि सोडून दिला. मी खालून बघत होते. वर जाताना तो मोठा मोठा होत गेला आणि पाण्याच्या तोंडाशी पोचता पोचता फुटला. वर आले तर सासूबाई पाण्यावर तरंगणारी लाल चिंधी दाखवत होत्या. "बग. ही तुजी छाती."

घाबरून काही होत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड मिटलं. नेव्हीवाले म्हणाले, आवाज काढत वर या. आ करा, ओ करा, माणूस आवाज काढत असला की त्याला श्वास धरता येत नाही. मला ते जमेना. हे, नेव्हीवाले, शिंपी, कारकून, असे चार पुरुष काठावर उभे, त्यांच्यासमोर मी आ करू? पाण्याखाली कुणाला ऐकू येत नाही हे कळत होतं, तरी लाज वाटायची. हे वैतागले, नेव्हीवाले वैतागले. महिने चालले होते. दिवाळी येऊन गेली होती आणि भावाला मी एक रुपया दिला नव्हता.

शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, "दलताना ओवी म्हनतेस ना? नाकात गुनगुन करतेस ती. तीच म्हन. मी बुडबुडं बगते. बुडबुडं थांबलं की दोर वढते."

जात्यावर मी म्हणायची हे त्यांना माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. पहाटे सगळे झोपलेले असतात असं समजून मी म्हणायची. त्या दिवशी तळाशी गेले, तळ सोडला आणि रबर दातांत धरून ओवी गुणगुणत वर आले. बुडबुडे अखंड येत होते. सासूबाई यांना म्हणाल्या, "बायको तुज्याशी दोन शब्द बोलत नाय, पान्यात बरी गाते." हे तेव्हा हसले. कान गेल्यानंतर पहिल्यांदा हसले असतील.

त्यानंतर कामं सुरू झाली. पहिलं काम पनवेलच्या बंदरातच, एका लाँचच्या पंख्यातला दोर. खाडीत डोळ्यांचा उपयोग नसतो, सगळं हातानेच. दोर कोयतीने कापत गेले, हात आखडला, वर आले, परत गेले. लाँचवाल्याने पैसे यांच्या हातात दिले आणि विचारलं, "बाईमानूस हाय का मासा?" हे म्हणाले, "दोनी."

पैसे येतात तसे जातातही, हे तेव्हा कळलं. बाटले भरायला मुंबईला न्यावे लागत. यष्टीने मोऱ्याला, तिथून लाँचने भाऊच्या धक्क्याला, आणि तसंच परत. गोणपाटात गुंडाळलेला बाटला मांडीवर घेऊन मी बसायची, कारण खाली ठेवला की गाडी हादरली की गडगडायचा. एकदा कंडक्टरने विचारलं,

"काय आहे हो त्यात? गॅस असेल तर उतरा."

"हवा हाय," मी म्हटलं.

"हवा? मुंबईहून हवा आणता? का, पनवेलची संपली?"

सगळी गाडी हसली. मी पदर पुढे ओढला. हसण्यासारखंच होतं ते. मिळवलेल्यातला बराच भाग या हवेत जायचा, आणि थोडा घरात. उरलेला भावाचा.

मोऱ्याहूनच लाँच पकडायची असल्यामुळे माहेर वाटेवरच होतं. पण मी घरी जात नसे. धक्क्यावरूनच भावाची होडी दिसायची. इंजिनवाल्या होड्या निघून जायच्या आणि तो वारा नसला की वल्हं मारत मागे राहायचा. मी गोणपाटाआड तोंड करून बसायची.

भाऊबीजेला मात्र जावंच लागे. जे साठलं असेल ते रुमालात बांधून न्यायची आणि आधी वहिनीच्या हातात द्यायची, मग ओवाळायची. पहिल्याच वर्षी मी भावाला सांगितलं, ताटात पैसे घालू नकोस, तुझं फिटल्याशिवाय मला ओवाळणी नको. तो सुपारी घालू लागला. वहिनी एकदा म्हणाली, "बहिनीच्या ताटात सुपारी आन भावाच्या हातात वल्हं. बरा सन चाललाय." ती वाईट नव्हती. तिच्या हातात पाटल्या नव्हत्या, आणि ओवाळताना माझं लक्ष तिथेच जायचं.

उलव्याकडच्या एका गावचं काम मी विसरत नाही. तिथे खारजमिनीच्या बांधात लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, यासाठी ते. त्या दारात ओंडका अडकला होता. दार मिटत नव्हतं आणि रोजच्या भरतीला खारं पाणी भातात शिरत होतं. शेतकरी बांधावर जमले होते. एक म्हातारा यांना म्हणाला, "आमी मानूस बोलावला, तुमी बायको आनली?" दुसरा म्हणाला, "ऱ्हाव दे बाबा, दार तरी मिटंल."

ओहोटी संपायच्या आत ओंडक्याला दोर बांधायचा आणि मग गड्यांनी ओढायचा, असं ठरलं. मी उतरले. दाराबाहेरच्या डोहात दोन पुरुष पाणी होतं, काळं. ओंडका हाताला लागला. त्याच्याखालून दोर घालत होते, तेवढ्यात तो हलला आणि खाली बसला, आणि माझ्या कमरेचा दोर त्याच्याखाली दबला. हिसका मारला, वर काही पोचला नाही. हे बहुतेक वरून ओढत होते, तेही माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. पाणी फिरलं होतं. भरतीची ओढ पाठीला लागत होती. मग हवा जड झाली. बाटला संपत आला की श्वास ओढावा लागतो, जाड कापडातून घ्यावा तसा.

मी कोयतीने माझाच दोर कापला. कापताना मनात भावाची होडी होती असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. मनात काही नव्हतं. तळ सोडला आणि तोंड मिटलं. इतक्या महिन्यांचं शिकणं गेलं कुठे कोण जाणे, मोऱ्याच्या पोरीसारखं तोंड मिटलं. वर सासूबाई नव्हत्या, त्या घरी मुलांजवळ होत्या. बुडबुडे बघायला कुणी नव्हतं. मी छातीला हात लावला, ती फुगल्यासारखी वाटली, आणि तो लाल फुगा आठवला. मग ओवी आली. पहिला शब्द नाही, मधलाच कुठला तरी. तो धरून वर आले.

वर आले ती डोहाच्या पलीकडच्या अंगाला. हे अलीकडे होते, त्यांच्या हातात दोराचं कापलेलं टोक होतं. ते त्या टोकाकडे बघत होते. माझ्या बाजूला त्यांचा गेलेला कान होता, त्यामुळे गडी ओरडले तेही त्यांना ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याने त्यांचा खांदा धरून त्यांना फिरवलं. मला बघून ते चिखलात खाली बसले.

रात्री जेवताना म्हणाले, "बास झालं. बाटला इकू."

मी वाढत होते. मी म्हटलं, "इकला तर निम्मं पन येनार नाय. मंग भावाला काय दाकवू? तुमचा कान गेला, त्याचं इंजिन गेलं, वैनीच्या पाटल्या गेल्या. माजं काय गेलंय? माजं काय गेलेलं नाय. मी जाईन."

इतकं मी त्यांच्याशी एका दमात त्याआधी बोलले नव्हते. सासूबाईंनी मुलांना झोपायला नेलं. हे ताटावरून उठले नाहीत, जेवलेही नाहीत. मग म्हणाले, "दोन दोर बांदू. येक कमरंला, येक काखंतून."

पुढच्या ओहोटीला परत गेलो. ओंडका निघाला, दार मिटलं. म्हाताऱ्याने विडा दिला आणि पैसे भात झोडपल्यावर देतो म्हणाला. दिलेही. थोडे रोख, बाकीचं भात.

त्यानंतरची वर्षं सारखीच आहेत, लिहिण्यासारखं फार नाही. विहिरीतले पंप, नांगर, पंख्यातले दोर. कान ठणकायचे. थंडीत पाण्यातून आलं की रात्रभर अंगात ऊब यायची नाही, सासूबाई वीट तापवून पायाशी ठेवायच्या. नायट्याने बोटं सडायची. एकदा विहिरीतून माणूस काढला. त्याचे पैसे घेतले नाहीत, बायको समोर उभी होती. मंडळ हळूहळू मोडलं. मास्तरांची बदली झाली, शिंप्याचं लग्न झालं. नेव्हीवाले कधीमधी येऊन नळ्या तपासायचे, रबराला पावडर लावायचे आणि चहा पिऊन जायचे. मी कधी कंटाळले असं कुणाला म्हटलं नाही. पण तळ्यावर, काठाला बसल्याबसल्या मला झोप लागायची, बाटला पाठीवर असताना.

फेडीची शेवटची भाऊबीज आली तेव्हा मी रुमाल दोनदा उघडून बघितला होता. यांनीही बघितला होता. हे या वेळी बरोबर आले. वहिनीने पैसे मोजले, मोजून भावाकडे बघितलं आणि पुरे झाले अशी मान हलवली. भाऊ पाटावर बसला. मी ओवाळलं. त्याने खिशात हात घातला, आणि बराच वेळ तो हात खिशातच होता. मग ताटात नोट ठेवली. नवी, घडी न मोडलेली.

"सुपारी नाय?" मी विचारलं.

"संपल्या," तो म्हणाला. वहिनी हसली. मग तीच आत जाऊन रडली, ते मला भिंतीतून ऐकू आलं.

मी वहिनीकडे चटई मागितली. दिवाळीचा दिवस, घरात पाहुणे, आणि मी माजघरात भिंतीशी झोपले. किती वेळ झोपले माहीत नाही. कुणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा बाहेर भाऊ आणि हे इंजिनाचं बोलत होते, कुठलं घ्यावं, तेल किती खाईल. भाऊ यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसला होता.

मी दारात जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "दादा, फिटलं ना समदं?"

"फिटलं गो," तो म्हणाला. "समदं फिटलं."